आपापली अर्धी बोट

बोट वाळूत कुणी घुसवली यावरून घड्याळजी आणि त्यांच्या बायकोत अबोला सुरू झाला, तो नेमका बोट खरवडायच्या आठवड्यात. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून बुडाला लावलेला जुना लाल रंग खपल्या धरून सुटत होता. तो रविवारपर्यंत निघाला नाही तर रंगाच्या शेडमधली जागा जाणार आणि बोट मोसमभर जमिनीवरच बसणार. त्या विचाराने घड्याळजींना अन्न गोड लागेना.

सोमवारी बायकोने चहाच्या भांड्याला उद्देशून जाहीर केलं, की ज्याने त्याने आपापली अर्धी बोट खरवडावी. घड्याळजींनी कॅलेंडरकडे बघून मान डोलावली. कुठली अर्धी कुणाची, हे विचारायचं तर बोलावं लागलं असतं. बोटीची एक बाजू मोकळ्या आवाराकडे होती आणि दुसरी भिंतीला इतकी खेटून, की माणसाने अंग चोरूनच शिरावं. मोकळी बाजू अर्थातच आपली, असं घड्याळजी धरून चालले आणि दुकान उघडण्यापूर्वी तासभर मन लावून खरवडून आले.

मंगळवारी सकाळी मास्क लावून, विषारी धूळ उडू नये म्हणून रंग ओला करून बसतात तो काय, काल सोडलेल्या जागेच्या पुढे हातभर बूड स्वच्छ! संध्याकाळी शिवणाचा क्लास सुटल्यावर बायको बोटीकडे जात असे. म्हणजे त्या अडचणीत घुसमटून स्वतःची बाजू करायची, वर गुपचूप नवऱ्यालाही हात द्यायचा? घड्याळजींना भरून आलं. त्या दिवशी त्यांनी दुप्पट खरवडलं. बुधवारी बघितलं, तर तिने त्यांच्यावरही ताण केली होती. मग त्यांना चेवच आला. ते दुकानात शीळ घालू लागले. घरी चहातली साखरही वाढली.

शनिवारी दुपारी त्यांना राहवेना. "बोट वाळूत मीच घातली," ते म्हणाले. "सुकाणू माझ्या हातात होतं."

बायकोचे डोळे पाणावले. "मी ओरडले म्हणून तुमचं लक्ष उडालं. चूक माझीच, हो."

रविवारी क्रेनवाल्याने बोट उचलली. ती हवेत सावकाश वळली आणि भिंतीकडची बाजू उजेडात आली. लालभडक, खपल्यांनी भरलेली, खरवडायचं पातं एकदाही न लागलेली. एक वाळका शिंपला घड्याळजींच्या पायाशी पडला.

"ही तुझी बाजू," ते म्हणाले.

"माझी? मी त्या भिंतीत कशाला शिरू? मला वाटलं, तुम्ही रोज माझं काम हलकं करताय."

"मला वाटलं, तू माझं करतेस."

आठवडाभराचं बोलणं तुंबलं होतं, ते सगळं बाहेर पडलं. क्रेनवाल्याने जांभई दिली. बाजू कुणाचीही असो, पाणी दोन्हीकडून लागतं, असं म्हणून त्याने बोट मोकळ्यावर टेकवली आणि दिवस मावळेपर्यंत थांबायचं कबूल केलं.

मास्क लावून दोघं दोन टोकांना भिडले. बोटीच्या मध्यावर येताना बायको म्हणाली, "कालचं माझं बोलणं मी परत घेते."

"घे," घड्याळजी म्हणाले. "माझं राहू दे तसंच."

तिने एक मोठी खपली खरवडून पाडली. मग ती म्हणाली, "मग ते मास्क काढून म्हणा. क्रेनवाल्यालाही ऐकू जाऊ दे."