संदर्भ पुरुष

कावेरी भिसे हिला तिसरा महिना लागला, तेव्हा कळमसऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयानं तिच्यासाठी मनोहर उबाळे यांची संदर्भ पुरुष म्हणून नेमणूक केली. मनोहर पस्तीस वर्षांचे होते, निर्व्यसनी होते आणि त्यांचं वजन बरोबर सत्तर किलो भरत होतं. भूमी अभिलेख कार्यालयात ते जुने नकाशे नव्या कागदावर उतरवून काढत. नेमणुकीचं पत्र तिथंच टपालानं आलं. साहेबांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून ते त्यांच्याकडे दिलं.

व्यवस्था साधी होती. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद असतो, त्यावर शेवटी एक ओळ असते: गरोदर व स्तनदा मातांबाबत पुरेसा अभ्यास उपलब्ध नाही. अभ्यास झाला होता तो पस्तीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या पुरुषांचा. गरोदर बाईचा आकडा चांगला की वाईट हे ज्याच्याशी ताडून बघायचं, तो तक्ताच कुणी तयार केलेला नव्हता. तेव्हा बाईला मोजण्यात अर्थ नाही, असं खात्यानं ठरवलं होतं. मोजायचं पुरुषाला आणि उपचार करायचे बाईवर. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत.

मनोहरांना याचं नवल वाटलं नाही. त्यांची बायको उज्ज्वला हिच्या वेळी सहकारी बँकेचे शाखाधिकारी संदर्भ पुरुष होते. त्यांना दमा निघाल्यामुळे उज्ज्वलानं पाच महिने दम्याची औषधं घेतली होती.

दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी मनोहर रुग्णालयात जात. कावेरी तिच्या सासूबरोबर, द्वारकाबाईंबरोबर, येई. नवरा पुण्याला टेम्पो चालवायचा, तो सणासुदीलाच यायचा. कावेरी बावीस वर्षांची, अंगानं बारीक, फारसं न बोलणारी. ती बाकावर बसे आणि पठाण सिस्टर मनोहरांना तपासत.

"उलट्या होतात का?"

"नाही," मनोहर खरं ते सांगत. कावेरी बाकावर पदरानं तोंड पुसत असे. सिस्टर लिहीत, उलट्या नाहीत.

मनोहरांचं रक्त चौदाच्या वर भरलं, म्हणून कावेरीला लोहाच्या गोळ्या मिळाल्या नाहीत. पाचव्या महिन्यात मनोहरांना सर्दी झाली, तेव्हा कावेरीनं आठ दिवस नाकात थेंब घातले. तिच्या नखांचा रंग दर महिन्याला उडत चाललेला त्यांना दिसत होता. एकदा त्यांनी विचारलं, "मी ही नेमणूक सोडली तर?"

"मग हिचा केसपेपरच निघणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "संदर्भ नसलेली बाई रजिस्टरमध्ये कुठं लिहायची?"

मनोहर बाही खाली करून उठले.

कावेरीला मुलगी झाली. अडीच किलोला थोडी कमी, पण रडली खणखणीत. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी गेल्या. मनोहरांनी त्या संध्याकाळी घरी पेढे नेले आणि उज्ज्वलाला सांगितलं, की आता फक्त एकोणचाळीस दिवस राहिले.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला द्वारकाबाई भूमी अभिलेख कार्यालयात आल्या. त्या चालत आल्या होत्या आणि त्यांना दम लागला होता.

"भाऊ, चला तुम्ही," त्या म्हणाल्या. "सुनेचं डोकं सकाळधरनं लई दुखायलंय. डोळ्यापुढं काजवे चमकायलेत म्हणते. तोंड पण लई सुजलंय. तिला दवाखान्याकडं रिक्षात बसवूनच आलेय."

मनोहरांनी शाईची बाटली बंद केली आणि ते तसेच निघाले.

रुग्णालयात डॉक्टर चौसाळकर होते. वयानं लहान, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी मनोहरांना स्टुलावर बसवलं, दंडाला पट्टा बांधला, हवा भरली.

"एकशे अठरा, शहात्तर. उत्तम आहे. डोकं दुखतं का?"

"माझं नाही दुखत. तिचं दुखतंय."

"बरगडीखाली?"

"डॉक्टर, तिला विचारा ना."

"विचारून मी ते लिहू कुठं?" डॉक्टर म्हणाले. हे म्हणताना ते कावेरीकडे बघत नव्हते. "समजा पट्टा तिला बांधला. समजा एकशे ऐंशी आलं. पाच दिवसांच्या बाळंतिणीत एकशे ऐंशी म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलंय? त्या आकड्यावर मी इंजेक्शन दिलं आणि काही झालं, तर मी कशावर बोट ठेवू?"

कावेरी भिंतीच्या बाकावर आडवी झाली होती. तिनं डोळ्यांवर हात धरला होता. बाळ द्वारकाबाईंच्या मांडीवर होतं. पठाण सिस्टर कावेरीच्या पायाशी वाकल्या आणि त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. त्या खड्ड्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्या मनोहरांना घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या.

"उबाळे, मी एकवीस वर्षं बाळंतपणं करतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हिला झटके येणार. आज येतील, कदाचित तासाभरात. वरचं एकशे साठ आणि खालचं एकशे दहा, पंधरा मिनिटांच्या अंतरानं दोनदा. एवढं तुमचं दिसलं, तर डॉक्टरांना इंजेक्शन द्यावंच लागतं."

"माझं कसं दिसेल?"

"ते नियमात लिहिलेलं नाही. का चढलं, असं विचारणारा रकाना नाही."

मनोहर रुग्णालयाच्या जिन्याकडे वळले. दोन मजले, बेचाळीस पायऱ्या. ते सहा वेळा वर गेले आणि सहा वेळा खाली आले. स्टुलावर येऊन बसले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"एकशे अठ्ठावन्न, बहात्तर," डॉक्टर म्हणाले.

"पळून वरचंच चढतं," सिस्टर म्हणाल्या. "खालचं चढायला अंगात ताण धरावा लागतो." त्यांनी लशींच्या डब्यातले बर्फाचे पॅक फोडून बादलीत ओतले आणि वर पाणी टाकलं. मनोहर भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखे बसले. डावा हात त्यांनी मनगटाच्या वरपर्यंत बादलीत घातला. उजव्या दंडाला पट्टा होता. पहिलं मिनिट हात जळाल्यासारखा वाटला. दुसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या.

"एकशे सहासष्ट, एकशे बारा." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. "बारा वाजून दहा. आता बारा पंचवीसला."

ते उठून गेले नाहीत. पेन हातात धरून तिथंच उभे राहिले.

पंधरा मिनिटं मनोहर तसेच होते. मध्ये दोनदा पाय घसरला, दोनदा सिस्टरांनी गुडघ्याला गुडघा लावून सावरलं. कावेरी आता डोळ्यांवरचा हात काढून त्यांच्याकडे बघत होती. सात महिन्यांत तिनं त्यांच्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "दुखतंय का?"

"दुखतंय," मनोहर म्हणाले.

"मला पण."

बारा पंचवीसला डॉक्टरांनी हवा भरली. बर्फ बराचसा विरघळला होता. "एकशे बासष्ट," ते म्हणाले. मग थांबले. "एकशे सहा. खालचं चारनं कमी आहे."

डॉक्टरांनी परत ऐकलं आणि मान हलवली. "पहिली नोंद धरता येणार नाही. पुन्हा पहिल्यापासून पंधरा मिनिटं."

"एकदा फेरतपासणी करता येते, सर," सिस्टर म्हणाल्या. "पाच मिनिटांच्या आत."

मनोहरांना पुन्हा वाकायला सांगितलं, पण त्यांचे पाय वाकले नाहीत. ते स्टुलावर बसले. बादलीतल्या पाण्याचा गारठा उतरायला लागला होता, म्हणून सिस्टर दुसरे पॅक आणायला आत गेल्या. तेव्हा कावेरी म्हणाली, "आत्या, लाईट गेली का?"

लाईट गेली नव्हती. खिडकीतून भर दुपारचं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

"न्हाई गं बाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग अंधार कशानं पडलाय?" तिनं बाळ चाचपायला हात पुढं केला. हात बाळाच्या बाजूला गेलाच नाही, भलतीकडे हवेत राहिला आणि त्याची दोन बोटं आपोआप उडायला लागली.

मनोहर तिच्या बोटांकडे बघत होते. दोन्ही हात बादलीबाहेर, त्यांच्या मांडीवर पडले होते. डॉक्टरांनी पट्टा फुगवला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "एकशे अठरा. सिस्टर, मॅग्नेशियम."

इंजेक्शनं भरून तयारच होती. सिस्टरांनी ती कमरेच्या दोन्ही बाजूंना दिली. बोटं थांबायला सात मिनिटं लागली.

रुग्णवाहिकेतून दोघांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, त्यांना निरीक्षणासाठी आणि तिला उपचारासाठी. तिथं त्यांच्या खाटा शेजारी शेजारी लावल्या. कावेरीला सलाईनमधून औषध सुरू झालं. ते चोवीस तास द्यायचं होतं, मात्र संदर्भाचा रक्तदाब चढा असेपर्यंतच. दर दोन तासांनी एक नर्स येऊन मनोहरांना पट्टा बांधायची.

चार वाजता कावेरीला दिसायला लागलं. मनोहरांना इतकं हायसं वाटलं, की त्यांचा आकडा एकशे चव्वेचाळीसवर आला.

"उतरतंय हं काका," नर्स कौतुकानं म्हणाली. "सहाला नॉर्मल आलं की औषध बंद करू."

ती गेल्यावर मनोहर उठून बसले. इथं जिना लांब होता आणि त्यांना खाटेवरून उतरायला मनाई होती. त्यांनी वाईट विचार करून पाहिले, पण समोर कावेरी बाळाला पाजत होती. तिच्याकडे बघितल्यावर वाईट विचार टिकत नव्हते.

द्वारकाबाईंनी स्टूल ओढून दोन खाटांच्या मध्ये घेतलं.

"माझी थोरली बहीण होती, सुंद्रा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. "तिला पोरगा झाला. आठव्या दिवशी म्हणाली, द्वारके, माझं डोकं धर. मी अकरा वर्षांची. मला वाटलं, काम टाळायलीय. मी म्हणलं, धुणं वाळत घालून येते. तासाभरानं आले तर ती चुलीपाशी पडलेली. दात बसलेले. जीभ तुटलेली. पोरगं पाळण्यात रडायलंय. आईनं सांगितलं, बाहेरचं झालं म्हणायचं. मी तसंच म्हणत आले. डोकं दुखत व्हतं हे कुणाला सांगितलं न्हाई. आज तुम्हाला सांगतेय."

सहाला मनोहरांचं एकशे चौसष्ट भरलं.

द्वारकाबाईंना अशा बऱ्याच बायका माहीत होत्या. सुंद्रानंतर चुलतजाऊ, मग भावकीतली एक, मग तांड्यावरची कोंडाबाई, जिला जुळं झालं होतं. प्रत्येकीचा कितवा दिवस होता, पायावर सूज होती का, ती शेवटी काय म्हणाली, सगळं त्यांच्या ध्यानात होतं. कुणी कधी विचारलं नव्हतं एवढंच. शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी उठून आली आणि तिनं तिच्या दोन सांगितल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकदाही मनोहरांचा आकडा दीडशेच्या खाली आला नाही. दोन वाजता सलाईन संपलं. द्वारकाबाई बोलायच्या थांबल्या आणि मनोहर भिंतीकडे तोंड करून रडले.

चौथ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. कागद मनोहरांच्या नावानं होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो त्यांना समजावून सांगितला. पुढचं मूल किमान दोन वर्षं होऊ देऊ नका. पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून दाखवायला या. अशा पेशंटना पुढं हृदयाचा त्रास होऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब तपासायचा, जन्मभर.

"बरं," मनोहर म्हणाले.

ते कागद घेऊन कावेरीच्या घरी गेले आणि त्यांनी सगळं तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं होतं.

"म्हणजे दर वर्षी तुम्हाला घेऊन जावं लागणार?"

"हो."

"तुमची बदली झाली तर?"

"रजा टाकून येईन."

पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात दोघं कळमसऱ्याच्या रुग्णालयात गेले. मनोहरांचं एकशे वीस, अठ्ठ्याहत्तर भरलं आणि ते कावेरीच्या कागदावर चढवलं गेलं. मग पठाण सिस्टरांनी दार लोटून घेतलं, मनोहरांना स्टुलावरून उठवलं आणि पट्टा कावेरीच्या दंडाला बांधला. तो तिच्या दंडाला सैल होत होता, म्हणून त्यांनी हातानं धरून ठेवला.

"एकशे अडतीस, चौऱ्याण्णव," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते स्वतःच्या दोनशे पानी वहीत लिहिलं.

"चांगलं का वाईट?" कावेरीनं विचारलं.

"एकटीवरून नाही कळत," सिस्टर म्हणाल्या. "उबाळे, दार उघडा. पुढच्या बाईला पाठवा."

मनोहरांनी दार उघडलं. व्हरांड्यात भिंतीला लागून बायका बसल्या होत्या, पार फाटकापर्यंत, आणि प्रत्येकीच्या शेजारी सत्तर किलोचा एक पुरुष होता.