रेडा डावीकडे का वळला?

"या शहरात खोलवर जाणाऱ्या दोनच गोष्टी. एक बोअरवेल आणि दुसरा मी," असं गुप्तहेर भाऊजी स्वतःबद्दल सांगत. बोअरवेलला निदान कधीतरी पाणी लागतं, हे मेहुण्याच्या अगदी ओठांवर यायचं. पण बहिणीचा नवरा पडला, त्यामुळे गिळावं लागे. गुप्तहेराचा मदतनीस म्हणून त्याने आजवर फक्त भाऊजींचा कोट सांभाळला होता.

या खेपेचं प्रकरण बागेतल्या तळ्याचं होतं. तळ्यातला गाळ उपसायला एक यंत्र आणलं होतं. ते तराफ्यासारखं तरंगायचं, तळाशी सोंड घालून चिखल ओढायचं आणि पाइपातून काठावर टाकायचं. चालक काठावर उभा राहून ते रिमोटवर चालवी. सगळे त्याला रेडा म्हणत. तर हा रेडा दुपारी चालक जेवायला बसला की आपला आपण डावीकडे वळायचा. आधी त्याने कमळं गिळली, मग धक्क्याचा खांब पाडला.

"मुकादम म्हणालेत, आज परत झालं तर कायमचा घरी बस," चालक रडवेला झाला होता. "घरात तान्हं बाळ आहे हो. आणि मी तर जेवताना रिमोट बंद करून मांडीवर ठेवतो!"

"म्हणजे रिमोट तुझ्या मांडीवर होता," भाऊजींनी डोळे बारीक केले. "गुन्हेगार तूच."

"पण बंद होता."

"मग गुन्हेगार बदकं."

मेहुण्याने कोट दुसऱ्या हातावर घेतला.

"हेतू बघ," भाऊजी म्हणाले. "बदकं गाळातले किडे खातात. गाळ गेला की त्यांच्या पोटावर पाय."

"पण त्यांच्याकडे रिमोट कुठून येणार?"

"तेच तर ती लपवताहेत!"

बदकांनी काही कबूल केलं नाही. मग संशय समोरच्या न्हाव्यावर गेला, कारण त्याचं केस कापायचं यंत्र विजेचं होतं. चौकशीसाठी भाऊजी त्याच्या खुर्चीत बसले आणि चालकाच्या जेवणाची वेळ झाली म्हणून अर्ध्यातून पळत आले. मिशीही अर्धीच राहिली.

चालकाने रिमोट बंद करून मांडीवर ठेवला आणि डबा उघडला. मुकादम नेहमीसारखे झाडाखालच्या बाकावर आडवे झाले. भाऊजी अंगावर जलपर्णी ओढून पायडलच्या होडीत दबा धरून बसले. तेवढ्यात मेहुण्याची ताई तणतणत आली. भाऊजी घराची किल्ली पुरावा म्हणून खिशात घालून आले होते आणि ती तासभर दारात उभी होती.

रेडा घुरघुरला, डावीकडे वळला आणि थेट होडीवर चालून गेला.

"पुरावा नष्ट करायला येतोय!" भाऊजी जीव खाऊन पायडल मारू लागले. होडी जागच्या जागी फिरू लागली. सोंडेने त्यांची टोपी ओढली आणि ती चिखलासकट पाइपातून मेहुण्याच्या पायाशी येऊन पडली. त्याने तीही सांभाळायला घेतली.

ताई मात्र बाकाकडे बघत होती. "अरे, हे मुकादम कूस बदलतात तसा तो वळतोय."

मुकादमांच्या डोक्याखाली एक मऊ पिशवी होती. मेहुण्याने हळूच चेन उघडली. आत जादा रिमोट, दिवा लागलेला. ऐनवेळी खोळंबा नको म्हणून मुकादम तो कायम चालूच ठेवत. चालकाचा रिमोट चालू असेपर्यंत रेडा त्याचंच ऐके. तो बंद झाला की सगळा कारभार मुकादमांच्या गालाकडे जाई.

चालक पिशवी ओढायला धावला.

"थांब, आधी ह्यांना वाचवू," म्हणत ताईने गवताची काडी मुकादमांच्या कानात फिरवली. मुकादम दुसऱ्या कुशीवर वळले. रेडाही मुकाट्याने उजवीकडे गेला.

मग मुकादम जागे झाले. "कळलं का कोण ते?"

"बदकांच्या टोळीचा म्होरक्या..." चिखलाने माखलेल्या भाऊजींनी काठावर चढत सुरुवात केली. ताईने उघडी पिशवी मुकादमांच्या हातात दिली.

मुकादमांनी आधी त्या दिव्याकडे पाहिलं. मग मोठ्या आशेने बदकांकडे.

"उद्या वेळेवर कामावर ये," शेवटी ते चालकाला म्हणाले. चालकाचे डोळे भरून आले.

"आणि येताना घरून एक उशी आण."