कपाटातला पंधरा वर्षांचा मुलगा

साडेतीन वाजता आई लेकीच्या खोलीतील भिंतीतल्या कपाटात शिरली. डबिंगच्या स्टुडिओतले यंत्र सकाळीच बिघडले होते, आणि टांगलेले कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. तेव्हा या कपाटप्रवेशात वेडेपणा काहीच नव्हता. वीस वर्षे तिने पडद्यावरच्या खारींना, सशांना आणि दात पडलेल्या पोरांना आवाज दिला होता. आता प्रथमच एका चित्रपटाचा नायक वाट्याला आला होता: जिवलग मैत्रिणीच्याच प्रेमात पडलेला पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा. मात्र त्याची प्रेमाची कबुली दिग्दर्शकाने सहा वेळा परत पाठवली होती.

"ताई, पोरगा पाठ केल्यासारखा बोलतोय. जीव घाबरा होऊ दे की त्याचा! पाचपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मी दुसरा आवाज बघतो."

"एक अक्षर बोलायचं नाही," हेडफोन चढवताना तिने सोळा वर्षांच्या लेकीला बजावले. "घर पडलं तरी."

"आणि भूक लागली तर?"

"मुक्यानं खा."

बाबा दुकानांतले वजनकाटे तपासणारे निरीक्षक. समोरचे खोटेच आहे असे धरून त्यांची चौकशी सुरू होई. त्या दिवशी दाढ ठणकू लागल्याने ते लवकर परतले, आणि पाहतात तो लेक कपाटाला टेकून बसलेली, ओठांवर बोट! तेवढ्यात कपाटातून एका मुलाचा आवाज आला, "तुझ्या घरी कळलं तर मला मारतील."

"मारतीलच!" बाबा म्हणाले. लेकीने दोन्ही हात हलवले. ते त्यांना कबुलीजबाबासारखे भासले. "कोण आहेस रे तू?"

"मी तुझा मित्रच आहे गं. पण आता नुसतं मित्र राहवत नाही."

"गं? मला गं म्हणतोस?" पोरगा निसटू नये म्हणून बाबांनी बाहेरून कपाटाची किल्ली फिरवली.

लेकीचे मौन तिथे संपले. "बाबा, आई आहे आत!"

"आईला यात ओढू नकोस. ती स्टुडिओत गेलीय."

"तिथलं मशीन बिघडलंय!"

"वा! काटा बिघडलाय असं प्रत्येक दुकानदार म्हणतो."

त्यांनी दारावर मुठी आदळल्या. तो दणका हेडफोन भेदून आत पोचला. आईने दार ढकलून पाहिले, हलेना. अंधारात तिच्या छातीत धडधडू लागले. पण वीस वर्षांत तिने चालू टेक कधी अर्ध्यावर सोडला नव्हता. कापऱ्या, तुटक स्वरात मुलगा म्हणाला, "आत्ता नाही बोललो तर कधीच बोलता येणार नाही. मला तू आवडतेस."

"निर्लज्ज!" बाबा गरजले.

मग पत्नीचा सुपरिचित आवाज आला, "झालं माझं. आता दार उघडा, मग बघते तुमच्याकडे."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर लेकीचा स्वेटर होता आणि घड्याळात पाचला सहा मिनिटे कमी होती. पुन्हा बोलायला वेळ नव्हता. तिने दणक्यांसकट तोच टेक पाठवला. तिघेही फोनकडे बघत बसले. आई उठे, बसे, पुन्हा उठे. बाबा दाढ विसरले.

"मी लेखी देतो त्यांना. चूक सर्वस्वी माझी."

"शिक्का मारून?" लेकीने विचारले.

फोन वाजला. "ताई, घाबरला एकदाचा पोरगा! मागचे ठोके काढून टाकतो मी. उरलेले अकरा प्रसंगही घरीच करा, स्टुडिओत येऊच नका!"

दुसऱ्या दिवशी बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले आणि आई आत शिरताच किल्ली फिरवून मूठ उगारून उभे राहिले. दार कधी ठोकायचे याची खूण लेक हातातल्या संवादांवरून करणार होती. प्रसंग ताटातुटीचा होता. मैत्रीण दूरच्या शाळेत निघालेली, आणि मुलगा तिला सांगत होता, की बाकावरची तिची जागा तो कोणालाच देणार नाही. लेकीने खूण केली. मूठ तशीच हवेत राहिली.

"अहो, मारा की!" आतून आईचा आवाज आला.

"थांब गं जरा," कान दाराला लावून बाबा म्हणाले. "पोरगं बोलतंय, बोलू दे त्याला."