फूटपट्टीच्या अकरा चुका

घरांच्या किमती ठरवणाऱ्या एका ऑफिसात सव्वीस वर्षं मापं घ्यायचं काम फूटपट्टीकडे होतं. फूटपट्टी म्हणजे माणूस. ऑफिसात त्याला सगळे तसंच म्हणायचे. घर बघायचं त्यानं, रिपोर्ट लिहायचा त्यानं, आणि खाली सही ठोकायची साहेबांनी, कारण लायसन साहेबांचं. आता साहेब वर्षअखेर घरी बसणार होते. तोवर फूटपट्टीला स्वतःचं लायसन मिळालं तर ऑफिस त्याचं, नाहीतर साहेबांच्या जावयाचं. जावयाकडे लायसन होतं, पण भिंत कुठली आणि कपाट कुठलं, हे त्याला दाखवावं लागायचं.

लायसनला नुसता अनुभव चालत नाही म्हणे. कॉलेजात दीडशे तास बसल्याचा दाखला लागतो. तेव्हा बावन्नाव्या वर्षी हा गडी वही घेऊन पोरीच्या वयाच्या मॅडमसमोर जाऊन बसला. बाक लहान, पोट मोठं. पण बसला.

एकशे चाळीस तास बरे गेले. मग मॅडमनी लायसन देणाऱ्या बोर्डाच्या जुन्या फायलीतला, नावं खोडलेला एक रिपोर्ट वाटला. यातल्या चुका शोधा, यावरच पास-नापास. फूटपट्टीनं पान उलटलं. रिपोर्ट त्याचाच होता. नऊ वर्षांपूर्वीचा.

गप्प बसावं तर नापास, म्हणजे ऑफिस जावयाला. लिहिलं तर बिघडतं काय, नाव तर खोडलेलंच आहे. त्यानं अकरा चुका लिहिल्या.

"काका, अहो माझ्याकडे सातच आहेत," मॅडम म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर कोणी गेलंच नाही, हे कागदावरून कसं ओळखलंत?"

"वरच्या खोल्या खालच्याइतक्याच भरल्यात. इंचाचा फरक नाही. मापं घेणाऱ्याचे गुडघे दुखत असणार."

"गुडघेसुद्धा कळले?"

"अनुभव," फूटपट्टी म्हणाला.

मॅडम इतक्या खूश झाल्या की तो कागद त्यांनी थेट बोर्डाकडेच पाठवला. असल्या माणसाला मोकळं सोडू नये, म्हणाल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या. फूटपट्टीनंही वाजवल्या, एकट्यानं हात बांधून बसणं बरं दिसलं नसतं.

आठ दिवसांत त्या अकरा चुकांचा जाब विचारणारं बोर्डाचं पत्र साहेबांच्या टेबलावर. कोणीतरी घरभेदी आहे, इतकं बारीक बाहेरच्याला कळायचं नाही, असं साहेब दिवसभर बडबडत होते. मग उत्तर लिहायला त्यांनी नेहमीसारखं फूटपट्टीलाच बसवलं. आपल्याच तक्रारीला आपण काय उत्तर देणार? त्यानं अकराही कबूल केल्या आणि खाली लिहिलं, की मापं घेणाऱ्याला ऑफिसनं सुधारण्यासाठी आधीच कॉलेजात घातलं आहे. वर स्वतःचं नावही लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्याला तास सुटल्यावर थांबवून घेतलं. हातात बोर्डाचा फॉर्म होता.

"काका, बोर्ड विचारतंय, ह्या विद्यार्थ्याला स्वतःच्या चुका कळतात का. काय लिहू?"

फूटपट्टीनं वही पिशवीत घातली. मॅडमनी त्याचा पेपर काढला, फॉर्मशेजारी ठेवला आणि लिहिलं, 'सगळ्या. चार तर आम्हालाही माहीत नव्हत्या.' मग शिक्का मारला.

"पण बारावी राहिली," त्या म्हणाल्या. "घर न बघता खाली सही केलीय."

"ती माझी नाही, मॅडम."

"बोर्डाचंही तेच म्हणणं आहे."

फूटपट्टीचं लायसन महिन्याभरात आलं. साहेबांना मात्र बोर्डानं कळवलं, की दीडशे तास कॉलेज केल्याशिवाय ऑफिस कोणाच्याच नावावर करता येणार नाही. साहेबांना पहिल्याच तासाला पेंग आली, दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, तिसऱ्या दिवशी ते मागच्या दारानं सटकले. तेव्हापासून फूटपट्टी रोज संध्याकाळी त्यांना स्वतः वर्गात नेऊन बसवतो, आणि तास सुटेपर्यंत त्या मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. आज सदतीस तास झाले.