लतीफभाईंचे टिपके

आमच्या राजुऱ्याचे लतीफभाई मोबाईल हातात घेतला की आधी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायचे आणि पडद्यावरच्या अक्षरालाच विचारायचे, "काऊन रे, कुठी दुखून राह्यलं?" समोर उभ्या गिऱ्हाइकाची विचारपूस नंतर.

जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. छापील फ्लेक्स आले, ब्रश वाळले, तेव्हा मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. डोळा मात्र पेंटरचाच राहिला. कुणी चार्जिंग होत नाही म्हणून फोन आणला तरी हे म्हणणार, "चार्जिंगचं पाहू, पयले हा 'क्ष' पाहा. पार चेंदामेंदा!" माणूस वैतागून पलीकडच्या दुकानात जायचा.

मी शाळामास्तर, अक्षरासाठीच गेलो होतो. माझी आई ब्रह्मपुरीला एकटी. कानांनी दगा दिलेला, त्यामुळे फोनवर बोलणं म्हणजे नुसती बोंबाबोंब. मेसेज तेवढा आधार. पण तिच्या फोनवर मराठी अक्षरं अशी चिकटलेली, की ओळीवर माश्या बसल्यासारखं वाटायचं. "तू लिहून राह्यला, पण मले वाचताच येत नाई," म्हणताना ती रडकुंडीला आली. मेसेजचाही आधार सुटला असता तर मायलेकरांचं बोलणंच संपलं असतं.

मी आणलेला आईचा फोन लतीफभाईंनी भिंगातून पाहिला. "अक्षर खराब नाई मास्तर, जागा कमी आहे. पडद्यावर बारीक चौकटी असतात. रेघ दोन चौकटींच्या मधात पडली का दोन्ही काळ्या! पाटीवर अक्षर आपोआप उभं राह्यते, इथी त्याले हात धरून बसवा लागते."

मग आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर टिपक्याटिपक्यांनी मांडलं, कॉम्प्युटरवर चढवलं, तिथून फोनमध्ये घातलं. तपासायला आईच्यासारखाच जुना फोन स्वतःसाठी घेतला. एकट्या 'झ'नं आठ दिवस खाल्ले! शेवटी मी आईचा फोन घेऊन ब्रह्मपुरीला गेलो. तिनं मेसेज मोठ्यानं वाचला, पदरानं पडदा पुसला आणि पुन्हा वाचला. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू, सांगा!

लतीफभाईंनी एकच मागितलं. "आईले म्हणा, रोज दुपारी मले एक मेसेज टाका. टेस्टिंग."

आई इमानेइतबारे टाकू लागली, 'लतीफभाऊ, जेवले का?' यांचं उत्तर ठरलेलं, 'जेवलो. ज जरा तिरपा आहे. उद्या पुन्हा पाठवा.'

वर्ष होत आलं तरी 'ज' तिरपाच. आईला काळजी लागली. "माह्या फोनवर तर सरळ दिसते रे. त्यायच्या डोळ्याले काही झालं का?"

मी दुपारी दुकानात गेलो, लतीफभाईंचा फोन उचलला आणि त्यांचंच भिंग डोळ्याला लावलं. 'ज' ताठ उभा. इनबॉक्स गच्च होत आलेला. 'मेसेज पुसत जा, फोन हलका ठेवा' म्हणून गावाला रागावणाऱ्या या माणसानं त्यातला एकही पुसला नव्हता. खालपर्यंत नुसतं 'जेवले का?'

लतीफभाई डबा उघडता उघडता थांबले. झाकणाशी खेळत राहिले.

"घरी विचारणारं कोणी नाई, मास्तर," ते म्हणाले. "आईले नका सांगू."

दुकानाबाहेर येऊन मी आईला मेसेज केला, 'डोळे चांगले आहेत. ज अजून तिरपाच आहे. तू पाठवत राहा.'