गाडीस नवे नाक बसविले आणि सहावा बोल्ट नाहीसा जाहला, त्याची बखर

श्री.

विघ्नहर्ता, जो मनात आणील त्या वस्तूत प्रकट होतो, त्यास आधी नमन करून, आणि मग रविवारीही दवाखाना उघडा ठेवणाऱ्या बालरोगतज्ज्ञांस नमन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, रविवारी आमच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते डोळां देखिले तैसे लिहिले असे. त्याच्या दोन मास आधी राजकन्या मृण्मयी उर्फ मनूबाई रांगू लागली, ते दिवशी शेजारच्या संस्थानच्या चिटणीसकाकू, ज्यांणी तीस वर्षे मुलांच्या वॉर्डात नर्सची चाकरी केली, दारात उभ्या राहोन बोलल्या जे, "हे बघ, मूल ओरडतंय तोवर तू खुशाल पोळ्या लाट. आवाज बंद झाला की मात्र गॅस बंद कर आणि धाव. आणि नवऱ्याचंही तेच समज." आम्ही हसलो. आम्ही पदवीधर, बालसंगोपनाची तीन पुस्तके वाचिली, टेबलाच्या कोपऱ्यांस फोम लाविला, प्लगांस झाकणे लाविली, घरातील वाटाणे, बटणे, नाणी, सुपाऱ्या, जे जे मुखात मावेल ते ते हद्दपार केले. त्या तिन्ही पुस्तकांत काकूंचे हे वाक्य कोठे नव्हते, सबब मनावर घेतले नाही.

आता राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, एक बाल्कनी, आणि तळघरातील पार्किंगात पांढऱ्या पट्ट्यांमधील एका गाडीची जागा. राज्याचे धनी श्रीमंत कौस्तुभराव. ते स्वभावे शांत, परंतु त्यांस टर्बो असलेली गाडी होती. गाडी कशी, तर तीत नळकांडे एक, त्यात भिंगरी, ती भिंगरी हवा ओढोन इंजिनास जबरीने भरविते, जैसी सासूबाई गावाहून आल्या म्हणजे मनूस मऊ भात भरवितात. या गाडीवर आरूढ होऊन श्रीमंत रोज आठ किलोमीटर कचेरीस जात, त्यात सिग्नल अकरा आणि स्पीडब्रेकर सतरा, आणि वेग बैलगाडीस लाज न वाटेल इतका. तरी श्रीमंतांचे चित्तास एक शल्य होते, जे गाडी बोलत नाही. त्यांचे परममित्र पुष्करपंत, ज्यांणी मोबाईलवर अठ्ठावीस व्हिडिओ पाहोन या विद्येत पारंगतता संपादिली, यांणी सल्ला दिला की कंपनीने हवेच्या वाटेवर जो काळा डबा बसविला तो गाडीचा श्वास कोंडतो. तो काढावा आणि त्याजागी उघडा, लाल, शंकूसारखा फिल्टर बसवावा. मग गाडी मोकळा श्वास घेईल आणि पाय सोडताच 'शूंऽऽ' म्हणेल. आम्ही विचारिले, "आणि वेग?" पुष्करपंत बोलले, "वहिनी, वेगाचं जाऊ द्या हो. आवाज ऐका." ऐसे ठरोन खलिते सुटले, आणि मग आठा दिवसांनी खोके आले, आणि ते श्रीमंतांनी हाती धरिले, तेव्हां मुखावर जो भाव होता तो प्रसूतिगृहात आम्ही एकदा पाहिला होता, त्याहून किंचित अधिक.

रविवारी सकाळी नाश्ता होताच दोघे वीर दिवाणखान्यात मनूच्या चटईवर बसले, कारण घरात तेवढीच जागा स्वच्छ असते, आणि खोके फोडिले, आणि लाल फिल्टर, निळी रबरी नळी, पत्र्याची ढाल आणि पिशवीभर पट्ट्या बाहेर काढिल्या, आणि सहा बोल्ट, एकेक करंगळीच्या पेराएवढा, चकचकीत, ते कशात ठेवावे म्हणोन श्रीमंतांनी इकडे तिकडे पाहिले आणि मनूची खिमटाची वाटी घेतली. आम्ही बोललो, "अरे कौस्तुभ, ती तिची वाटी आहे. आणि खाली ठेवू नकोस, ती काहीही तोंडात घालते." श्रीमंत बोलले, "अगं दोन मिनिटं." दोन मिनिटांचे हे राज्यातील माप फार जुने, लग्नाआधीपासून चालत आले आहे. मग वीर स्क्रूड्रायव्हर शोधावयास बाल्कनीत गेले, आणि आम्ही फोडणीशी होतो, आणि दिवाणखान्यातून मनूचे 'बा बा बा' येत होते, आणि मग येईनासे जाहले. हिंग करपेल म्हणोन आम्ही गेलो नाही. हे येथे स्वच्छ लिहितो, कारण बखरीत आपलेच गुण लिहिण्याची चाल आहे, ती आम्ही मोडितो. मग गेलो तो वाटी पालथी, बोल्ट चटईभर, आणि राजकन्या मध्ये बसोन तोंड मिटून आमच्याकडे पाहात होती. बोट घालोन पाहिले, तोंडात काही नाही. बोल्ट वेचोन वाटीत घातले. मोजिले नाहीत. श्रीमंत आले, वाटी उचलली आणि खाली रवाना जाहले.

मग पार्किंगात जे घडले ते आम्हांस पुढे कळले. जुना काळा डबा, ज्याने चार वर्षे राज्याची सर्व धूळ निमूटपणे गिळली आणि कधी तक्रार केली नाही, त्यास बेड्या सोडोन पदच्युत केले, आणि टर्बोचे तोंड उघडे पडले. इतक्यात श्रीमंतांच्या मातुःश्री, गावाहून व्हिडिओ कॉलवर प्रकट होऊन बोलल्या, "नवी वस्तू बसवताय, पूजा केलीत का?" दोघांनी माना खाली घातल्या. मातुःश्री बोलल्या, "मग आधी गणपती मांडा. विड्याच्या पानावर सुपारी ठेवा, हळदकुंकू वाहा, फूल घाला, आणि मग काय ते ठोका." श्रीमंतांनी आम्हांस फोन केला जे, "अगं, सुपारी आहे का घरात?" आम्ही बोललो, "मनू रांगायला लागल्यापासून घरात सुपारी नाही. घशात अडकते." बरे म्हणोन फोन ठेविला. पान वॉचमनकडे मिळाले, हळदकुंकू पुष्करपंतांच्या स्कूटरच्या डिकीत होते, फूल कुंपणाच्या जास्वंदीचे. पूजा जाहली, नारळ फुटला, आणि कार्य सुरू जाहले.

मग अर्ध्या तासाने पुन्हा फोन. श्रीमंत बोलले, "अगं, वर एखादा बोल्ट राहिलाय का बघ. पाचच आहेत." हे पाचच आहेत ऐकताच आम्ही गॅस बंद केला. चटई झटकली, सोफा सरकविला, पाळणा उपसला, मनूचे झबले काढोन झटकले, लंगोट उलगडोन पाहिला, तिची मूठ एकेक बोट सोडवोन पाहिली. त्यात मुरमुरा निघाला. घरात मुरमुरे येऊन चार दिवस जाहले होते. मनू हसत होती, मध्येच एकदा खोकली, तशी तीस उचलोन धावलो. चिटणीसकाकूंचे दार वाजविले. काकू पदर खोवून आल्या, मनूच्या छातीस कान लाविला, पोट दाबिले, आणि बोलल्या, "श्वास ठीक आहे. पण अंदाजाने चालायचं नाही. फोटो काढू. चल." आम्ही सांगितले नव्हते, पण त्यांणीच मान हलवोन म्हटले, "गप्प झाली होती ना?" आम्ही होय म्हटले. काकूंनी पायात चपला सरकविल्या. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

आम्ही लेकरासह धावत खाली आलो तो राज्याची वेगवान टर्बो गाडी, जिला मोकळा श्वास देण्याचा घाट घातला, ती तोंड उघडे टाकून, पोट पसरून, चार विटांवर ठेविल्यासारखी उभी. एवढ्या आयुष्यात तिच्या वेगाची खरी गरज एकच वेळ लागली, आणि ते समयी तिचे नाक जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेविले होते. मग रिक्षा केली. मागे आम्ही, राजकन्या आणि काकू, पुढे चालकाच्या अर्ध्या गादीवर श्रीमंत. रिक्षा सुटता सुटता श्रीमंत मान वळवोन पुष्करपंतांस बोलले, "तू तोवर टर्बोच्या तोंडात बॅटरी मारून बघ. तिथे नाही ना पडला." आम्ही ऐकिले. काकूंनीही ऐकिले. रिक्षावाल्यानेही ऐकिले आणि आरशातून आमच्याकडे पाहिले. कारण बोल्ट एक आणि उघडी मुखे दोन, एक राजकन्येचे, एक टर्बोचे, आणि श्रीमंतांच्या मनाने वाटेत नेमका कोणत्या मुखासाठी नवस केला हे त्यांणी आजवर सांगितले नाही, आणि आम्ही विचारिले नाही, कारण उत्तर ऐकोन घेण्याची आमची तयारी नाही. परंतु ती अर्धी गादी दोन्ही हातांनी धरोन त्यांची बोटे पांढरी पडली होती, हेही पाहिले ते लिहितो.

दवाखान्यात राजकन्येस टेबलावर निजवोन यंत्राखाली धरिले, एक हात आम्ही, एक पाय श्रीमंतांनी, आणि ती ऐसा आक्रोश करी की भिंती हालल्या, आणि काकू म्हणाल्या, "रडू दे, छान रडतेय." मग डॉक्टरांनी फोटो उजेडावर लाविला. पांढऱ्या फासळ्या, चिमण्या, माशाच्या काट्यासारख्या, आणि त्यांत काळोख. डॉक्टर चष्मा वर करोन बोलले, "छाती साफ, पोट साफ. धातूची वस्तू असती तर इथे ट्यूबलाइटसारखी दिसली असती. नाहीये." श्रीमंतांनी मनूस उचलले, तिच्या मानेत तोंड खुपसले, आणि त्यांचे खांदे हालू लागले; आणि मग एकाएकी ते थांबले, आणि मुख वर केले, आणि त्यावर दुसरी चिंता उगवली. "म्हणजे..." ते बोलले. "बोल्ट गाडीत शोधा," डॉक्टर बोलले. "इंजिन चालू करू नका." त्यांच्याकडेही टर्बोच होती, असे जाताना कळले.

परतलो तो पुष्करपंत गाडीच्या पोटात कमरेपर्यंत शिरलेले. तीन वेळ बॅटरी मारिली, लोहचुंबक दोरीस बांधोन आत सोडिले, काही लागले नाही. पंत बोलले, "वहिनी, आत गेला असेल तर भिंगरीचा चुरा होईल." आम्ही बोललो, "अरेरे. मूल ठीक आहे हं पुष्कर, विचारलंत म्हणून सांगते." पंत लाजले. इतक्यात मनू आमच्या कडेवरून ओणवी होऊन, दोन्ही हात पसरोन, बॉनेटावरच्या पानाकडे झेपावली. पानावर जास्वंद, अक्षता, आणि मध्ये हळदकुंकवाने माखलेले दैवत, करंगळीच्या पेराएवढे. आम्ही वाकोन पाहिले. मग फूल बाजूस सारोन पाहिले.

"हे काय आहे?" आम्ही विचारिले.

"गणपती," पुष्करपंत हात जोडोन बोलले.

"याला आटे आहेत."

"सुपारी नव्हती ना वहिनी. तुम्हीच म्हणालात. मग म्हटलं भाव महत्त्वाचा, वाटीतलं एक..." आणि पंतांचा आवाज आटला.

श्रीमंत बोलले, "अरे, हो की!"

दोघांनी मिळोन बोल्टाची प्रतिष्ठा केली, त्यास गंध लाविले, नमस्कार केला, आणि मग दोन घटका तोच बोल्ट डोळ्यांसमोर असता सारा पार्किंग धुंडाळिला. कारण एकदा देव जाहल्यावर तो कोणाच्या हिशेबी बोल्ट राहिला नाही. ते देवाकडे पाहात आणि बोल्ट शोधीत. आणि सुपारी घरातून कोणी हद्दपार केली, हे कोणी बोलले नाही, परंतु चिटणीसकाकूंनी आमच्याकडे पाहिले. ते आम्ही लेखनात घेतले असे.

श्रीमंत पाना घेऊन हात पुढे करिते जाहले, तो काकू ओरडल्या, "अहो, थांबा! उत्तरपूजा केल्याशिवाय उचलाल?" मग मातुःश्रींस पुन्हा व्हिडिओवर पाचारण जाहले. त्यांणी सर्व ऐकोन घेतले आणि बोलल्या, "अक्षता वाहा, जरा हलवा, पुन्हा या म्हणा. आणि बसवा. निदान तुमच्या त्या गाडीत एक तरी भरवशाचं माणूस असू दे." मग बाप्पांस हलविले आणि पत्र्याच्या ढालीस आवळले, आट्यांत कुंकू तैसेच राहिले. गाडी सुरू केली, पाय दाबिला, पाय सोडिला. 'शूंऽऽ.' पुष्करपंतांच्या डोळ्यांत पाणी आले. राजकन्या दचकोन मोठ्याने रडू लागली, आणि आम्ही तिला थोपटले नाही. काही वेळ तैसेच रडू दिले, ऐकत राहिलो.

एणेप्रमाणे नवे नाक बसले, वेग पूर्ववत, सिग्नल अकरा, स्पीडब्रेकर सतरा. घरात सुपारी परत आली, उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात. बोल्ट, नाणी, बटणे सांजसकाळ मोजिली जातात. बखर येथे पुरी जाहली.

परंतु एक विनंती. आज पुन्हा रविवार, श्रीमंत आणि पंत नवीन खोके घेऊन सकाळी खाली गेले, आणि तासभर 'शूंऽऽ' येत होते, आणि आता पाऊण घटका जाहली, काहीच येत नाही. मनू आमच्या दंडावर नुकती निजली आहे, हात हलविला की उठेल, फोन दुसऱ्या खोलीत. आपणांपैकी कोणी लिफ्टने खाली उतरत असाल तर पार्किंगात, उजवीकडून तिसऱ्या खांबापाशी, दोन माणसे काय करीत आहेत एवढे पाहून यावे. काही बोलू नये. फक्त मला वर येऊन सांगावे, गप्प का आहेत.