गरम पाण्याचे मेत्रीअण्णा

मेत्रीअण्णा आमच्याकडे चहाला आले की कपाला ओठ लावायच्या आधी सदऱ्याच्या खिशातून थर्मामीटर काढतात आणि चहात बुडवतात. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला, वीतभर लांब. रुमालाने पुसतात, कपात उभा धरतात, एक डोळा बारीक करून आकडा वाचतात आणि गंभीरपणे सांगतात, "वैनी, आज दोन डिग्री कमी." कशापेक्षा कमी, हे मी विचारत नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि तोवर चहाचं पाणी होतं.

अण्णा आमच्या शेजारी राहतात. त्यांची सगळी नोकरी घाटाखालच्या अणुवीज केंद्रात गेली. बायको वारल्यावर आणि निवृत्त झाल्यावर मुलीला घेऊन ते हुबळीला आले. आता अणुवीज केंद्र म्हटलं की चारचौघांच्या डोळ्यांपुढे किरणं येतात. अण्णांच्या डोळ्यांपुढे मासे येतात. तिथली यंत्रं गार ठेवायला नदीचं पाणी आत घेतात आणि कोमट करून परत सोडतात. ते पाणी किती कोमट, कुठवर कोमट, माशांना ते मानवतं की नाही, खेकडे जागा सोडून गेले का, नळ्यांत शेवाळ धरू नये म्हणून घातलेलं क्लोरीन नदीत उतरतंय का, आणि पाणी ओढताना जाळीवर किती मासळी अडकली, हे बघणं म्हणजे अण्णांची नोकरी. किरणं सोडून बाकी सगळं त्यांच्याकडे होतं.

आणि लोक त्यांना विचारतात फक्त किरणांचं.

त्यावर अण्णांचं एकच उत्तर ठरलेलं. "ते ब्यारे खातं." ब्यारे म्हणजे वेगळं. आमच्या गल्लीत कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढतात, त्यामुळे शब्द कळायला कुणालाच अडचण नाही. पण उत्तर काही लोकांना पुरत नाही. न्हाव्याने एकदा दुकानातले दिवे घालवून अण्णांचं टक्कल चमकतं का ते बघितलं होतं. संध्याकाळी लाइट गेली की गल्लीतली पोरं अण्णांच्या दाराच्या फटीला डोळे लावून बसत. अण्णा आत मेणबत्ती शोधत असत, आणि पोरं निराश होऊन घरी जात.

अण्णांचा दुसरा ठरलेला शब्द म्हणजे, "कशाच्या मानानं?" नदीवर त्यांची पद्धत अशी की गरम पाणी सोडतात तिथला नमुना घ्यायचा आणि त्याच वेळी दूर वरच्या अंगाला, जिथे गरम पाणी पोचत नाही, तिथलाही घ्यायचा. दोन्ही समोर ठेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नदीला ही पद्धत शोभत असेल. माणसांत ती चालवायला घेतली की काय होतं, ते आमच्या घराला विचारा.

इथल्या, हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या डॉक्टरांनी अण्णांना रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, कशाच्या मानानं? त्याच पावली परत आले आणि आमच्या ह्यांना, जेवत्या ताटावरून उठवून, तुलनेसाठी घेऊन गेले. एकच गल्ली, एकच पाणी, वयही तेच, यापेक्षा चांगला नमुना कुठे मिळणार? ह्यांचा रक्तदाब अण्णांपेक्षा बराच जास्त निघाला. तेव्हापासून आमचे हे गोळ्या खातात, लोणचं त्यांचं बंद आहे, आणि अण्णा समाधानाने गिरमिटावर, म्हणजे आमच्याकडच्या कालवलेल्या चुरमुऱ्यांवर, मिरची भजी खातात.

दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. तिथे अण्णा आले की मी गिऱ्हाइकांच्या आणि त्यांच्या मधे उभी राहते. सदऱ्याचं कापड घ्यायचं तर ते आधी तीन तुकडे मागतात. एक साबणात, एक साध्या पाण्यात, एक कोरडा. आठवड्याने तिन्ही तुकडे घेऊन येतात आणि भर दुकानात, बस्ता बांधायला आलेल्या मंडळींना, रंग कितपत उतरला ते दाखवतात. कापड विकत घेतलेलं मला आठवत नाही.

उणकलच्या तळ्यावर तर त्यांनी कहर केला. सकाळी फिरायला गेले असताना तळाचं पाणी वरच्यापेक्षा किती गार असतं, हे बघायची त्यांना हुक्की आली. खिशात दोर होताच. काठावर वाकून, हातात दोर घेऊन उभा असलेला एकटा म्हातारा माणूस बघून लोक जमले. एक बाई हात जोडून म्हणाली, "अज्जा, ब्याडरी," म्हणजे आजोबा, असं करू नका. अण्णांनी मान वर न करता सांगितलं की तळाशी किती थंड आहे तेवढं बघतो. बाई रडायलाच लागली. शेवटी रखवालदाराने त्यांना खांद्याला धरून चहाच्या गाड्यावर नेऊन बसवलं आणि संसारात चढउतार असतातच म्हणून समजावलं. अण्णांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा मात्र बेताचाच गरम होता, अशी त्यांची तक्रार होती.

हे सगळं हसण्यावारी जायचं, पण सुजाताच्या लग्नाचं बघायला लागलो आणि हसू आटलं.

सुजाता म्हणजे अण्णांची एकुलती एक मुलगी. शाळेत शिकवते, बोलायला चोख, आणि बापाचं वेड पोटात घालून घर चालवते. तिला आई नाही, म्हणून पाहुणे आले की त्यांची ऊठबस मी करते. पहिलं स्थळ आलं. मुलाच्या काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिथं किरणांचा काही त्रास? अण्णा म्हणाले, ते ब्यारे खातं. मग स्वतःच्या खात्याचं सांगायला लागले. कोमट पाण्याच्या तोंडाशी काही जातीचे मासे जास्त जमतात आणि चांगले पोसतात, हे त्यांनी अर्धा तास रंगवून सांगितलं. मासे पोसतात म्हटल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी बघितलं. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या स्थळाच्या वेळीही तेच झालं. सुजाताची आई लहानपणापासूनच्या हृदयाच्या दुखण्याने गेली, पण लोकांनी तिच्या मरणालाही किरणांचं शेपूट जोडलं.

मोजलं नाही त्यावर बोलायचं नाही, हा अण्णांचा प्रामाणिकपणा. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं की हा माणूस काहीतरी लपवतोय. मी कपाळ बडवून घ्यायची. अहो, एवढं म्हणा की काही धोका नाही. अण्णा म्हणायचे, "वैनी, मोजलं नाही ते कसं सांगू? ज्यानं मोजलं त्यानं सांगावं."

यंदा मिलिंदचं स्थळ आलं. आलं कसलं, सुजातानेच आणलं. मुलगा बेळगावला पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, दोघांची दोन वर्षांची ओळख, दोघांचं मन जुळलेलं. पण मिलिंदला वाढवलं ते त्याच्या आत्याने, कलघटगीला, आईबाप गेल्यावर. तिच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता, आणि त्याने जावं असं सुजातालाही वाटत नव्हतं. आत्याच्या कानावर किरणांचं आधीच गेलेलं. आदल्या दिवशी सुजाता माझ्याकडे स्वयंपाकघरात येऊन बसली. एरवी बापाची नक्कल करून मला हसवणारी मुलगी, पण त्या दिवशी नखं कुरतडत होती. "काकू, उद्या अप्पांना ते ब्यारे खातं म्हणू देऊ नका," एवढंच म्हणाली. बापाला ती अप्पा म्हणते. मी जाऊन अण्णांना तंबी दिली. थर्मामीटर काढून घेतला. मासे, खेकडे, शेवाळ, तिन्हींवर बंदी घातली. अण्णांनी सगळं कबूल केलं.

आत्या आल्या. ठेंगणी, काळीसावळी बाई, नजर अशी की दुकानात आली तर मी भाव आधीच कमी करून सांगावा. अण्णांच्या घरातल्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून बसल्या. मिलिंद शेजारी अंग चोरून बसला. शिरा झाला, शेतीचं झालं, पावसाचं झालं. यंदा पाऊस कमी, असं आत्या म्हणाल्या तेव्हा अण्णांचे ओठ हलले. मी त्यांच्याकडे बघितलं. ओठ मिटले.

मग आत्यांनी वाटी खाली ठेवली.

"अण्णा, मला आडपडद्यानं बोलता येत नाही. पोरगी चांगली हाय. पण ती तिथं जन्मली, तिथं वाढली. उद्या तिला लेकरू होईल. त्याला काही होणार नाही ना, एवढं सांगा."

मी खोकले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मिलिंदकडे बघितलं, आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि म्हणाले, "ते ब्यारे खातं."

आत्यांनी पदर सावरला आणि पिशवी उचलली. मला त्या क्षणी अण्णांना दोराला बांधून उणकलच्या तळाशी सोडावंसं वाटलं.

"बसा अक्का," अण्णा म्हणाले. आवाज वेगळा होता, म्हणून मीही बसले. "ते खातं माझं नव्हतं. पण त्या खात्याच्या दारात मी किती वेळा उभा राहिलो, ते सांगतो."

आणि मग त्यांनी सांगितलं. सुजाताच्या वेळी त्यांच्या बायकोला दिवस गेले, तेव्हापासून त्यांना रात्री झोप लागेना. दिवसा नदीवर हसत काम करायचे आणि मधल्या सुट्टीत वसाहतीतलं दूध, विहिरीचं पाणी, परसातला पालक पिशवीत लपवून किरणांच्या खात्यातल्या नाईक नावाच्या दोस्ताकडे न्यायचे. तेवढ्याने भागेना. कशाच्या मानाने म्हणायचं? म्हणून हुबळीला बहिणीकडे आले की इथलं दूध बाटलीत भरून, बर्फात घालून, घाट उतरून घेऊन जायचे आणि दोन्ही दुधं नाईकापुढे ठेवायचे. नाईक मोजून सांगायचा, दोन्ही सारखीच. अण्णांना बरं वाटायचं. चार दिवस गेले की पुन्हा बाटली. मुलगी जन्मली, रांगायला लागली, शाळेत जायला लागली, तरी बाटल्या चालूच.

"शेवटी नाईक वैतागला," अण्णा म्हणाले. "म्हणाला, मेत्री, दूध मोजता येतं, तुझं भ्यायलेपण मोजायचं यंत्र सरकारनं मला दिलं नाही. त्यानं मोजलेलं सगळं चांगलं होतं अक्का, एकदाही वाईट निघालं नाही. पण मला कुणी विचारलं की धोका आहे का, तर माझ्या तोंडातून नाही म्हणून निघत नाही. नाही म्हणायला गेलो की ते सगळे दिवस आठवतात. म्हणून म्हणतो, ते ब्यारे खातं."

मी इतकी वर्षं ह्या माणसाला हसत होते आणि हसतच राहणार आहे, पण त्या वेळी मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. गल्लीभर ज्याच्या टकलात लोक किरणं शोधत होते, त्याच्याइतकं त्या किरणांना दुसरं कुणी भ्यालं नसेल.

आत्या पिशवी मांडीवर घेऊन परत टेकल्या. मग म्हणाल्या, मिलिंदला लहानपणी फणफणून ताप आला की त्या बैलगाडीतून डॉक्टरकडे न्यायच्या आणि डॉक्टर बरा आहे म्हणाला तरी रात्रभर त्याच्या नाकापुढे हात धरून बसायच्या. पिशवी त्यांनी परत खाली ठेवली.

"काही न्हाई हो, सगळं चांगलं हाय, असं तुम्ही म्हटला असतात तर मी उठले असते," त्या म्हणाल्या. "मोजणारा माणूस चांगलंच निघालं म्हणतोय, आणि बाप भ्यालो म्हणतोय. मला दोन्ही पटलं. पोरीला बोलवा."

बोलवायची गरज नव्हती. सुजाता चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. मी उठून तिच्या हातातून ट्रे घेतला. तिने आत्यांकडे बघितलं नाही, मिलिंदकडेही नाही.

"अप्पा, मी तिथं ओढ्यात दिवसभर डुंबायचे. तुम्ही काठावर बसून कागदावर काहीतरी लिहीत असायचात. मला वाटायचं तुमचं सगळं लक्ष माशांकडं. हे मला कधीच का सांगितलं नाहीत?"

अण्णा चष्मा पुसायला लागले.

"सांगितलं असतं तर तू पाण्यात उतरली नसतीस, पोरी," ते म्हणाले. "आणि तुला पाणी किती आवडायचं."